नवीन गाड्या आल्या तरी जुन्या का चालू ठेवतात? न्यूकॅसलची मेट्रो बघून पडलेला प्रश्न

डिचोलीचे_मास्तर

नमस्कार मंडळी. मी डिचोलीचा, हायस्कुलात गणित शिकवून रिटायर झालो. लेक इंग्लंडात न्यूकॅसलला नर्स आहे, गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिच्याकडे दोन महिने राहून आलो. तिकडे टाइन अँड वेअर मेट्रो म्हणून आहे, १९८० साली सुरू झालेली, म्हटली तर मेट्रो म्हटली तर ट्राम, लाइट रेल म्हणतात तिला. आम्ही रोज त्याच गाडीने हिंडायचो, कधी समुद्रावर कधी बाजारात.

तर झालं काय, तिकडे सध्या गाड्या बदलायचं काम चाललंय. जुन्या गाड्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या, दोन डब्यांच्या जोड्या एकमेकींना जोडून चालवतात. नवीन आहेत त्या स्वित्झर्लंडच्या स्टॅडलर कंपनीच्या, पाच डबे सलग, या टोकापासून त्या टोकापर्यंत आतून चालत जाता येतं, एसी आहे, आणि दार उघडायच्या आधी खालून एक पायरी आपोआप सरकत बाहेर येते आणि फलाट आणि गाडीमधली फट भरून टाकते. आमच्या हिचे दोन्ही गुडघे गेलेत. जुनी गाडी आली की ती माझा दंड धरायची, नवीन आली की सोडायची. मला तेवढ्यावरूनच कळायचं कुठची गाडी आलीय ते.

आता प्रश्न. एकूण ४६ नवीन गाड्या घेतल्यात. पहिली गाडी तिकडे पोचली फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि पहिला प्रवासी त्यात बसला १८ डिसेंबर २०२४ ला. म्हणजे बावीस महिने! गाडी तयार, रूळ तयार, वीज तयार, मग बावीस महिने करत काय होते? आणि सुरू झाल्यावरही एकेक करून का आणतात, जुन्या आणि नवीन एकत्र का चालवतात, एखादा रविवार बघून सगळ्या एकदम का बदलत नाहीत?

विचारतोय त्याला कारण आहे. चवथीला घरी सगळी जमली तेव्हा परत तोच विषय निघाला, म्हापसा-पणजी रस्त्यावर सकाळी जे होतं ते बघता गोव्यात पण असलं काहीतरी यायला पाहिजे म्हणून. भाचा म्हणाला मामा पैसे टाकले की दोन वर्षांत गाडी पळेल. मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही ते त्याला समजावून सांगता आलं नाही. इथे कोणी जाणकार असेल तर सांगा.

---

वास्कोचा_कॅरेजवाला

मास्तर नमस्कार. मी रेल्वेत ३१ वर्षं डब्यांच्या मेंटेनन्सला होतो, त्यामुळे प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे, थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे गाडी तयार झाली म्हणजे काम अर्धं पण झालेलं नसतं. गाडी कारखान्यात तयार होते पण ती चालायची असते तुमच्या रुळावर, तुमच्या बोगद्यातून, तुमच्या फलाटाला घासून. मुंबईच्या पहिल्या एसी लोकलचं आठवतं का? एप्रिल २०१६ मध्ये कुर्ला कारशेडला आली, मध्य रेल्वेवर चालवायची होती. मोजमाप केलं तर गाडीची उंची जास्त आणि तिथले जुने पूल बुटके. शेवटी ती गेली पश्चिम रेल्वेला आणि २५ डिसेंबर २०१७ ला चर्चगेट-बोरिवली सुरू झाली. नवी कोरी गाडी, कुठे काही बिघाड नाही, नुसती काही इंचांची गोष्ट आणि तिचा अख्खा रूट बदलला. म्हणून नवीन गाडी आली की आधी तिला रात्री, सगळी वाहतूक बंद झाल्यावर, चालायच्या वेगाने पूर्ण लाइनीवर फिरवून आणतात आणि प्रत्येक फलाट, प्रत्येक वळण, प्रत्येक खांब किती लांब राहतो ते बघतात. पाच सलग डबे वळणावर कसे वळतात आणि दोन डब्यांची जोडी कशी वळते यात फरक असतो, डब्याचा मधला भाग आत येतो आणि टोक बाहेर जातं.

दुसरी गोष्ट लोकांना दिसतच नाही, ती म्हणजे सिग्नल. जुन्या गाड्यांत डीसी मोटर आणि मोठाले रेझिस्टन्स असायचे, साधा रोकडा कारभार. नवीन गाडीत इन्व्हर्टर असतात, ते करंटचे तुकडे तुकडे करून मोटरला देतात आणि त्यातून निघणारा गोंगाट परत रुळातूनच जातो. आता सिग्नलला गाडी कुठे आहे ते कळतं पण रुळातल्या करंटवरूनच. दोघांची फ्रिक्वेन्सी जुळली तर सिग्नलला वाटायचं पुढचा रूळ मोकळा आहे, आणि तिथे गाडी उभी असायची. हे असं होणार नाही याची खात्री करायला महिने जातात आणि जायलाच पाहिजेत, इथे घाई करणारा माणूस मला नको. न्यूकॅसलचं तर आणखी अवघड, कारण तुमची ती मेट्रो २००२ पासून संडरलंडला जाते ती मेन लाइनच्या रुळावरून, मोठ्या गाड्यांच्या बरोबरीने. म्हणजे तिथे दोन घरचे नियम पाळायचे.

तिसरं डेपो. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जुना डेपो जुन्या गाड्यांच्या मापाचा असतो, खड्डे त्या लांबीचे, जॅक त्या जागी. नवीन गाडीचं निम्मं सामान छपरावर असतं, त्यामुळे छपराच्या उंचीवर चालायला प्लॅटफॉर्म लागतात. न्यूकॅसलवाल्यांनी गॉसफर्थचा जुना डेपो पाडून नवीन बांधला, आणि ते काम चालू असताना गाड्या ठेवायला हाउडनला आधी दुसरा छोटा डेपो उभा केला. म्हणजे गाडीच्या आधी गाडीचं घर, आणि घराच्या आधी भाड्याची खोली!

आता एकदम का बदलत नाहीत ते. मास्तर तुमचं घर कौलारू असणार. कौलं बदलायची झाली की काय करता, एकदम सगळं छप्पर उघडं टाकता का? माणसं आत राहत असतात, चूल पेटलेली असते. एकेक भाग उघडायचा, वासे बघायचे, कुठे वाळवी निघाली तर थांबायचं, तो भाग झाकला की पुढे. गाड्यांचं तसंच आहे. ड्रायव्हरला नवीन गाडी शिकवायची तर त्याला रोजच्या ड्युटीतून काढावं लागतं, तो शिकत असताना जुनी गाडी कोण चालवणार? म्हणून पाच-दहा पाच-दहा करून शिकवतात. मेकॅनिकचं पण तेच. आणि नवीन गाडीत पहिल्या दोन वर्षांत काहीतरी निघतंच, ते पाच गाड्यांत निघालं तर पाच बाजूला काढता येतात, ४६ मध्ये निघालं तर शहर बंद.

भाच्याला सांगा, दोन वर्षांत गाडी विकत मिळेल, सर्व्हिस नाही मिळणार.

---

काणकोण_एक्सप्रेस

सगळं ठीक आहे पण आमच्या गावात रात्री आठनंतर बस नाही. रेल नंतर बघू, आधी बस द्या. एवढंच म्हणणं आहे.

---

फोंड्याची_बेंगळुरूत

मास्तर काका, मी बेंगळुरूला जॉबला आहे, इकडे येलो लाइनचं अगदी उलट झालं ते सांगते, म्हणजे तुम्हाला दुसरी बाजू कळेल.

आर व्ही रोड ते बोम्मसंद्रा, १९ किलोमीटर, १६ स्टेशनं, सिल्क बोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक सिटी मधे येतात म्हणजे आयटीवाले सगळे त्याच रस्त्यावर. खांब उभे, स्टेशनं उभी, रूळ घातलेले आणि गाड्याच नाहीत! आम्ही रोज खाली ट्रॅफिकमध्ये बसून वर रिकामी लाइन बघायचो. पहिली गाडी चीनमधून आली फेब्रुवारी २०२४ मध्ये, बाकीच्या इथे टिटागढच्या कारखान्यात बनायच्या होत्या. शेवटी १० ऑगस्ट २०२५ ला उद्घाटन झालं ते फक्त तीन गाड्यांवर. दर २५ मिनिटांनी एक गाडी. लोक चिडले, मी पण चिडले होते, पण पहिल्या आठवड्यात बसले तेव्हा खरं सांगते डोळ्यांत पाणी आलं, कारण जो प्रवास दोन तास खायचा तो अर्ध्या तासावर आला. मग एकेक गाडी वाढत गेली तशी मधली वेळ कमी होत गेली.

तर काका गाड्या थोड्या थोड्या येणं हे फक्त तिकडे नाही, इकडे पण तसंच, फरक एवढाच की तुमच्या न्यूकॅसलला जुन्या गाड्या हाताशी होत्या म्हणून लोकांची रोजची सोय चालू राहिली आणि इकडे पहिली गाडी येईपर्यंत काहीच नव्हतं.

---

डिचोलीचे_मास्तर

वा, वास्कोच्या साहेबांनी कौलांचं सांगितलं ते एकदम डोक्यात बसलं, आमच्या घराची कौलं दोन वर्षांपूर्वी तशीच बदलली, स्वयंपाकघर शेवटी.

आणि पोरी, तुझ्या तीन गाड्या आणि २५ मिनिटं यावरून माझं गणित सुरू झालं. तीन गुणिले पंचवीस म्हणजे पंचाहत्तर. म्हणजे एक गाडी जाऊन, टोकाला थांबून, परत येऊन त्याच जागी उभी राहायला ७५ मिनिटं धरलेली असणार. मग पाच मिनिटांनी गाडी पाहिजे असेल तर ७५ भागिले ५, पंधरा गाड्या लागणार, आणि दुरुस्तीला एक-दोन जादा. म्हणजे गाडी किती वेळाने येते हे गाड्यांच्या संख्येवर आहे, आणि गाडी कमी पडली की लोक वाट बघणार. किती सोपं आहे आणि मी कधी असा विचारच केला नव्हता!

आपल्याकडे समजा म्हापसा ते पणजी जायला अर्धा तास आणि दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं धरली तर फेरा ७० मिनिटांचा. दहा मिनिटांनी एक पाहिजे तर सात गाड्या रुळावर आणि दोन डेपोत. नऊ गाड्या! हे भाच्याला लिहून पाठवतोय.

काणकोणच्या भावाचं पण बरोबर आहे, रात्रीची बस नसणं हे मी पण भोगलंय. पण दोन्ही मागायला काय हरकत आहे.

---

नकाशेवाला_पर्वरी

वास्कोचा_कॅरेजवाला यांच्याशी शंभर टक्के सहमत, आणि घाई केली तर काय होतं त्याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे कॅनडाचं ऑटावा. मला शहरांच्या वाहतुकीचं वेड आहे, त्यांच्या चौकशीबद्दल मी मिळेल तेवढं सगळं वाचून काढलंय म्हणून लिहितो.

ऑटावाची कॉन्फेडरेशन लाइन १४ सप्टेंबर २०१९ ला सुरू झाली, आल्स्टॉमच्या नव्या लाइट रेल गाड्या. त्याआधी तिकडे बसगाड्यांचा स्वतंत्र रस्ता होता आणि लोक त्यावर जायचे. रेल सुरू झाल्यावर तीन आठवडे बस आणि रेल दोन्ही चालू ठेवली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला समांतर बस बंद केली. आणि लगेच त्रास सुरू. कोणी धावत येऊन बंद होणारं दार हाताने धरलं की दाराची सिस्टीम फॉल्ट दाखवायची आणि एका दारापायी गाडी अडकून बसायची, मागे सगळ्या लाइनीवर रांग, फलाटावर माणूस मावायला जागा नाही, आणि जुनी बस तर काढून टाकलेली. लोकांना परतीचा रस्ताच ठेवला नव्हता.

पुढे हिवाळ्यात आणखी भानगडी झाल्या आणि २०२१ मध्ये दोनदा गाडी रुळावरून उतरली, ऑगस्टमध्ये एकदा, सप्टेंबरमध्ये परत. दुसऱ्या खेपेला ५४ दिवस लाइन बंद. मग सरकारने चौकशी नेमली, न्यायमूर्ती विल्यम हॉरिगन यांचा अहवाल नोव्हेंबर २०२२ मध्ये आला. त्यात मला सगळ्यात लागलेली गोष्ट म्हणजे, सुरू करायच्या आधी जी ट्रायल रनिंग होती त्यात पास व्हायचे निकष मध्येच सैल केले आणि निवडून दिलेल्या नगरसेवकांना ते नीट सांगितलंच नाही. मास्तर तुम्ही शिक्षक आहात, तुम्हाला हे जास्त कळेल. पेपर अवघड जातोय म्हणून पासिंगचे मार्क खाली आणले तर पोरगं पास होतं, पण त्याला गणित येत नाही ते नाहीच येत.

म्हणून न्यूकॅसलच्या बावीस महिन्यांचं मला वाईट वाटत नाही.

दारावरून अजून एक. सॅन फ्रान्सिस्कोला सीमेन्सच्या नवीन गाड्या नोव्हेंबर २०१७ पासून आल्या. एप्रिल २०१९ मध्ये एका बाईचा हात दारात अडकला, गाडी सुटली आणि ती ओढली जाऊन रुळावर पडली. ते दार एकाच फळीचं होतं, टोकाकडचं, त्याला अडकलेला हात कळला नाही. मग सगळ्या गाड्यांची ती दारं बंद ठेवून सेन्सर बदलेपर्यंत बाकीच्या दारांवर काम चालवलं. तिथेच सीटचं पण झालं, लांब सरळ बाक होते, लोक म्हणाले उंच आहेत, ब्रेक लागला की घसरतो, तर पुढच्या गाड्यांमध्ये सीट बदलल्या. म्हणजे पहिल्या खेपेच्या गाड्या लोकांनी वापरून बघितल्या म्हणून पुढच्या सुधारल्या. सगळ्या एकदम आणल्या असत्या तर ही संधीच नव्हती.

---

मडगांव_७१

मंडळी तुम्ही ऑटावा आणि सॅन फ्रान्सिस्कोला गेलात, आपल्या मडगांवला विसरलात की काय. स्कायबस!

आज विशीतल्या पोरांना माहीतच नाही. कोकण रेल्वेने मडगांव स्टेशनजवळ दीड-पावणेदोन किलोमीटरची ट्रायल लाइन बांधली होती, वर कॉंक्रीटच्या पेटीत रूळ आणि डबा खाली लटकणारा, रस्त्याच्या डोक्यावरून जाणारा. बी. राजाराम साहेबांची कल्पना होती. मी त्या वेळी रोज तिथून जायचो आणि मान वर करून बघायचो, आमच्या मडगांवात जगातलं काहीतरी नवीन होतंय याचा जो अभिमान वाटायचा तो अजून आठवतो. २५ सप्टेंबर २००४ ला चाचणी चालू असताना डबा खांबाला आपटला आणि रेल्वेचा एक कर्मचारी गेला, काही जखमी झाले. त्यानंतर ते खांब कित्येक वर्षं तसेच उभे होते, पावसात काळे पडत, आणि पुढे पाडून टाकले.

मला कोणाला दोष द्यायचा नाही. चाचणीत माणूस जायला नको होता एवढंच मनात राहिलंय. आणि दुसरं असं की चालून अनुभव असलेली गाडी आणणं आणि जगात कुठेच नसलेली गाडी आपल्याच गावात पहिल्यांदा बनवणं यात खूप फरक आहे. मास्तर तुमच्या भाच्याला विचारा, नऊ गाड्या घेणार त्या कुठे आधी चाललेल्या आहेत का? छोट्या गावाने स्वतःसाठी वेगळी गाडी बनवून घेतली तर वीस वर्षांनी त्याचा स्पेअर पार्ट कोण देणार?

---

वास्कोचा_कॅरेजवाला

मडगांवचे बाब, स्कायबसची आठवण काढलीत, बरं केलंत. स्पेअर पार्टचा मुद्दा लाख मोलाचा. जुनी गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा म्हातारी झाली म्हणून नाही, तिचा एखादा पार्ट बनवणारा राहिला नाही म्हणून. मग दोन गाड्या मोडून तिसरी चालवायची, हे मी पण केलंय, आणि ते करताना जीवावर येतं.

---

चाकावरून_बघताना

पहिल्यांदाच लिहितेय इथे. मी व्हीलचेअर वापरते, नऊ वर्षं झाली, राहते ताळगांवला.

मास्तर तुम्ही तुमच्या बायकोने दंड सोडला असं लिहिलं ना, ते वाचून मी पाच मिनिटं फोन बाजूला ठेवला. ती सरकणारी पायरी लोकांना छोटी सोय वाटते. माझ्यासाठी गाडीत जाता येतं किंवा येत नाही, याच्यामधे दुसरं काही नाहीच. गेल्या वर्षी एका बसला, कुठची ते लिहीत नाही, रॅम्प होता. रॅम्प होता पण तो उघडायचा कसा हे कंडक्टरला कोणी दाखवलेलं नव्हतं. बिचारा दोन मिनिटं खटपट करत होता, मागून हॉर्न वाजत होते, शेवटी मीच म्हटलं जाऊ दे दादा, आणि बस गेली. रॅम्पचे पैसे कोणीतरी दिले असणार, आणि माणसाला शिकवायचं राहून गेलं.

म्हणून वास्कोच्या काकांनी ट्रेनिंगचं लिहिलंय ते मला सगळ्यात पटलं. आणि एक विनंती, गाडी निवडायच्या वेळी लाकडाचा एक पूर्ण मापाचा डबा बनवतात आणि लोकांना आत घेऊन दाखवतात, तसं इकडे कधी काही आलं तर आम्हाला आधी बोलवा. रिबन कापायच्या दिवशी नाही. नकाशावर रुंद दिसणारं दार मधे खांब असला की माझ्या चाकाला पुरत नाही, हे आम्ही अर्ध्या मिनिटात सांगू.

लंडनची डॉकलंड्स लाइट रेल आहे ना, ती १९८७ मध्ये सुरू झाली तेव्हापासून स्टेशनात पायऱ्या न चढता जाता येतं, लिफ्ट किंवा रॅम्प, आणि फलाट गाडीच्या उंचीचा. म्हणजे सुरुवातीलाच केलं तर नंतर उकरावं लागत नाही.

---

डिचोलीचे_मास्तर

ताई, तुमचं लिहिलेलं हिला वाचून दाखवलं. ती म्हणाली त्यांना सांगा, त्या पायरीवर पहिल्या दिवशी मी पाय टाकायला घाबरले होते, शेजारी एक मुलगा व्हीलचेअरवरून आला आणि कोणाला काही न विचारता सरळ आत गेला, त्याच्या मागून मी गेले.

गाडी दारात जास्त वेळ थांबते असं वाटलं होतं मला, पायरी बाहेर येऊन मग दार उघडतं, परत दार बंद होऊन पायरी आत. समजा प्रत्येक स्टेशनला पाच सेकंद जास्त गेले आणि वीस स्टेशनं आहेत तर शंभर सेकंद, दोन मिनिटं पण नाहीत. ते कोणीही द्यावेत.

अजून एक राहिलं. जुन्या गाड्यांचं पुढे काय होतं? चाळीस वर्षं लोकांना नेलं-आणलं, नुसत्या भंगारात जातात?

---

नकाशेवाला_पर्वरी

बहुतेक भंगारातच जातात हो, एखाद-दुसरी म्युझियमसाठी ठेवतात. पण डॉकलंड्सची गोष्ट छान आहे. त्यांच्या पहिल्या गाड्या फक्त उघड्यावर, पुलांवरून चालायच्या हिशोबाने घेतल्या होत्या. चार-पाच वर्षांतच लाइन 'बँक' नावाच्या स्टेशनला जमिनीखाली नेली आणि बोगद्याच्या आगीच्या नियमांत त्या गाड्या बसेनात. गाड्या जवळपास नव्या. मग त्या जर्मनीत एसेन शहराला विकल्या, त्यांनी त्यात ड्रायव्हरची केबिन वगैरे बसवून घेतली, कारण लंडनला त्या ऑटोमॅटिक होत्या, आणि पुढे कित्येक वर्षं तिकडे चालवल्या.

यात आपल्यासाठी पण आहे काहीतरी, गाडी घेताना पुढची लाइन कुठे जाणार ते आधी ठरवा. आज पर्वरीपर्यंत आणि उद्या मांडवीखालून म्हणालात तर गाडी पहिल्या दिवसापासून बोगद्याच्या नियमाची घ्यावी लागेल.

आणि डॉकलंड्सला परत आता सप्टेंबर २०२५ अखेर नवीन गाड्या सुरू झाल्या, स्पेनच्या कंपनीच्या, एकूण ५४ येणार आहेत. त्या पण एकेक करूनच.

---

काणकोण_एक्सप्रेस

मी आधी रागात लिहिलं होतं. ताईंचं वाचून परत लिहितोय. मास्तर, तुमचं ७० मिनिटांचं गणित बसला पण लागतं ना? आमच्या गावाहून चावडीला, म्हणजे काणकोणच्या बाजारगावाला, जायला ४० मिनिटं, दोन्ही टोकांना दहा-दहा, म्हणजे फेरा १०० मिनिटांचा. रात्री आठ ते दहा एकच बस फिरवली तरी एक फेरा पूर्ण होतो. एक बस. हे मी ग्रामसभेत मांडणार आहे, आकडे बरोबर आहेत का बघा.

---

डिचोलीचे_मास्तर

अगदी बरोबर आहेत. १०० मिनिटांचा फेरा, १२० मिनिटं हातात, वीस मिनिटं उशिराला शिल्लक. असंच मांडा. लागलं तर मी कागदावर व्यवस्थित लिहून देतो.

वास्कोचे साहेब, एक शेवटचं. ही विचारतेय की आपल्याकडची लाल माती आणि जून-जुलैचा पाऊस, त्यात ती सरकणारी पायरी चालेल का, की चिखल जाऊन अडकेल?

---

वास्कोचा_कॅरेजवाला

वहिनींचा प्रश्न कुठच्याही इंजिनियरने विचारावा असा आहे. अडकू शकते. पायरी ज्या खाचेतून सरकते तिथे माती साचते, ओली असताना कळत नाही, ऊन पडलं की खडूसारखी घट्ट होते. तिकडे थंड देशात त्यांना बर्फाचा विचार करावा लागतो, आपल्याला मातीचा. उपाय तीन-चार आहेत, खाचेला खालून मोकळी वाट ठेवायची म्हणजे पाण्याबरोबर माती पडून जाते, पावसाळ्यात रोज रात्री डेपोत पाण्याचा फवारा मारायचा, आणि एखाद्या दाराची पायरी अडकली तर ते एकच दार बंद करून गाडी पुढे नेता आली पाहिजे, ऑटावासारखी अख्खी गाडी थांबायला नको. कोकण रेल्वे नाही का पावसाळ्याचं वेगळं टाइमटेबल काढत, गाड्या हळू सोडत, तसंच हे, पावसाळा धरूनच आखायचं.

आणि चाचणी घ्यायची ती जूनमध्ये घ्यायची. डिसेंबरात, पर्यटक आलेले असताना, कोरड्या रुळावर सगळंच पास होतं. पहिला पाऊस पडला की रुळावरची धूळ आणि तेल मिळून साबणासारखं होतं, ब्रेक लावला की चाक फिरायचं थांबतं आणि घसरत जातं, घसरलं की एका जागी झिजून चपटं होतं, मग ते चाक धडधड धडधड वाजत राहतं आणि लेथवर नेऊन परत गोल केल्याशिवाय गाडी लाइनीवर घेता येत नाही. डेपोत चाकाचा लेथ आहे का, हा प्रश्न मास्तर तुमच्या वहीत दहाव्या गाडीच्या जागी लिहून ठेवा.